वाचकांचे प्रश्न : पदव्युत्तर पदवी कुणाला लागते, कुणाला नाही

नोकरीत पुढे जायचे तर पदव्युत्तर पदवी हवीच का, असे विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतली निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांत पदवी आधी ठरलेली दिसते आणि पद नंतर. क्रम उलटा हवा. जे पद हवे आहे त्याचे सेवाप्रवेश नियम किंवा ताजी जाहिरात आधी मिळवा. तिथे पदवीचे नाव लिहिलेले असेल तर ती घ्यावीच लागेल. नसेल, तर पैसा, वर्षे आणि उपयोग यांचा हिशेब मांडूनच पाऊल टाका.

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवून १४ वर्षे झाली. सहकारी म्हणतात, कुठलेही एम.ए. करून टाका, पुढे उपयोगी पडते. खरेच पडते का? – एक शिक्षिका, सांगली जिल्हा

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्हींची अट वेगळी आहे, म्हणून ‘कुठलेही एम.ए.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

पहिली वाट मुख्याध्यापकपदाची. खाजगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असला की पात्रता होते. पुढे क्रम लागतो तो सेवाज्येष्ठतेने. एम.ए. झाले म्हणून ज्येष्ठता यादीत कुणी वर सरकत नाही.

दुसरी वाट निवडश्रेणीची, म्हणजे त्याच पदावर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीची. १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी हे तुम्हाला माहीत आहेच. निवडश्रेणीसाठी संवर्गातील २० टक्के पदांची मर्यादा आहे, विहित प्रशिक्षण लागते आणि पदवीधर शिक्षकाने शैक्षणिक पात्रता वाढवलेली असावी लागते. सहकारी एम.ए.चा आग्रह धरतात तो यासाठी. तुमच्या हातात अजून दहा वर्षे आहेत, त्यामुळे घाईने सोपा विषय घेण्याचे कारण नाही.

तिसरी वाट कनिष्ठ महाविद्यालयाची. अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्याच विषयातली, किमान द्वितीय श्रेणीतली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. मराठी किंवा इतिहासाच्या एम.ए.वर गणिताची जागा मिळणार नाही. बी.एस्सी.ला गणित हा तुमचा विषय असेल तर सरळ गणितातच एम.एस्सी. करा, म्हणजे निवडश्रेणी आणि कनिष्ठ महाविद्यालय ही दोन्ही दारे एकाच पदवीने उघडी राहतील. भौतिक किंवा रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर सलग दिवस जावे लागते, त्यामुळे नोकरी सांभाळून करायला गणित सोयीचे.

दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्या विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची दूरशिक्षण मान्यता असली पाहिजे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्ही गोष्टी जुळवून पाहा. २०२४पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी (या विभागाकडचा ओळख क्रमांक) काढणे बंधनकारक आहे. ‘आयडीचे आम्ही बघतो, तुम्ही पैसे भरा’ असे म्हणणाऱ्या केंद्राकडे फिरकू नका.

अशा पदव्यांचे घोडे बहुधा कागदपत्रांवर अडते. प्रवेश घेण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या, तिची जावक क्रमांकासह प्रत ठेवा आणि निकाल लागला की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. परराज्यातल्या विद्यापीठाचे गल्लीतले ‘अभ्यास केंद्र’ टाळाच. कार्यक्षेत्राबाहेरची पदवी प्रस्तावासोबत जोडली की शंका निघते आणि प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतो.

प्रश्न : बी.ई. मेकॅनिकल, चाकणच्या कंपनीत गुणवत्ता विभागात चार वर्षे. पगार ४० हजारांवर अडकला आहे. राजीनामा देऊन एम.टेक. करू का? – एक अभियंता, पुणे

आधी खर्च पाहा. दोन वर्षांचा बुडणारा पगार ९ लाख ६० हजार. ‘गेट’ या एम.टेक.च्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीच्या अटींत बसलात, तर महिना १२,४०० रुपयांप्रमाणे २४ महिन्यांत २ लाख ९७ हजार ६०० हाती येतील. म्हणजे शुल्क आणि वसतिगृह सोडून साडेसहा लाखांची तूट. ‘गेट’शिवाय प्रवेश घेतलात तर शिष्यवृत्तीही नाही. तसा एम.टेक. नोकरी सोडून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उपयोग. गुणवत्ता आणि उत्पादन विभागात बढती देताना पाहतात ते वेगळेच. नव्या पार्टचे पीपीएपी (उत्पादनाआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) एकट्याने पूर्ण केले का, ग्राहकाची तक्रार आली तेव्हा मूळ कारण शोधून ती पुन्हा येणार नाही अशी बंद केली का, पुरवठादाराचे ऑडिट केले का. एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी या गुणवत्ता-नियोजन आणि नियंत्रणाच्या पद्धतींवर पकड आणि जीडी अँड टी (आराखड्यावरच्या मापांच्या व आकाराच्या मर्यादांच्या खुणा) वाचता येणे, याला तिथे एम.टेक.पेक्षा जास्त किंमत आहे. चार वर्षे झाली तरी तुमच्याकडे एकच लाइन असेल, तर पगार अडकण्याचे कारण बहुधा तेच आहे. विभाग किंवा कंपनी बदलून पाहणे हा स्वस्त उपाय आधी करा.

एम.टेक. खरोखर लागतो तो आरेखन आणि संशोधनाकडे वळताना. वाहनाच्या धडकेचे (क्रॅश) किंवा धातूच्या थकव्याचे विश्लेषण, आवाज-कंपने, बॅटरीचे उष्णता व्यवस्थापन, कंट्रोल्स अशा कामांच्या जाहिरातींत एम.टेक.ला पसंती असे लिहिलेले असते. ते लिहिण्याचे कारणही आहे. फायनाइट एलिमेंट (सुट्या भागावरचा ताण मोजण्याचे) किंवा सीएफडीचे (द्रव-वायूंचा प्रवाह मोजण्याचे) सॉफ्टवेअर चालवणे काही आठवड्यांच्या वर्गात येते. गणितासाठी भागाचे तुकडे पाडणारी जाळी कुठे बारीक करायची, सीमा-अटी चुकल्या तर उत्तर कसे फसवे येते, हे समजायला मागचे गणित लागते आणि ते प्रबंधाच्या वर्षात पक्के होते. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या वीस-पंचवीस जाहिराती एका वहीत उतरवा. निम्म्याहून अधिक ठिकाणी एम.टेक. दिसला तर ‘गेट’ची तयारी सुरू करा, तीही नोकरीत राहूनच. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते, परीक्षा फेब्रुवारीत, आणि गुण तीन वर्षे चालतात. चांगले गुण हातात आल्यावर राजीनाम्याचा विचार करा. याच गुणांवर काही सार्वजनिक उपक्रम अभियंते घेतात आणि तिथे बी.ई. पुरते, हेही ध्यानात असू द्या.

पत्राने किंवा दूरशिक्षणाने मिळणारा एम.टेक. घेऊ नका. अभियांत्रिकीत दूरशिक्षणाला परवानगी नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये अशा पदव्यांबाबत कठोर निकाल दिलेला आहे. नोकरी करून शिकायचे असेल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने नोकरदारांसाठी मान्य केलेल्या, सोयीच्या वेळेच्या तुकड्या जवळच्या महाविद्यालयात आहेत का, ते विचारा. एमबीएकडे वळलात आणि पीजीडीएम निवडलेत, तर तो पदविका अभ्यासक्रम आहे. पुढे पीएच.डी. किंवा अध्यापन मनात असेल तर त्याला एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता आहे का, ते प्रवेशाआधी तपासा.

प्रश्न : मुलाला संगणक अभियांत्रिकीनंतर अमेरिकेत एम.एस. करायचे आहे. राहते घर तारण ठेवून ४० लाखांचे कर्ज काढावे लागेल. काढावे का? – एक पालक, नाशिक

४० लाख, १०.५ टक्के व्याज, दहा वर्षे फेड, असे धरले तर हप्ता सुमारे ५४ हजार येतो. बँकेच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो. प्रत्यक्षात शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. पूर्ण रक्कम सुरुवातीला उचलली तर ते महिना ३५ हजार, म्हणजे अडीच वर्षांत साडेदहा लाख. ते मुद्दलात मिळवले की हप्ता सुमारे ६८ हजारांवर जातो. बँक रक्कम सत्रासत्राने सोडते, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण हिशेब ६८ हजारांचाच धरा. शिकतानाच दर महिन्याचे व्याज भरता आले तर हप्ता ५४ हजारांवर राहतो. जुनी करप्रणाली निवडली तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

तिथल्या नोकरीचे गणित असे आहे. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. अभ्यासक्रम त्या यादीत आहे की नाही हे आय-२० या विद्यापीठाच्या प्रवेश दाखल्यावरच्या सीआयपी कोडवरून (अभ्यासक्रमाच्या वर्गीकरण क्रमांकावरून) ठरते, नावावरून नव्हे. पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे ९० दिवस झाले की मुक्काम धोक्यात येतो. त्यानंतर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकी मास्टर्सधारकांसाठी २० हजार. या २० हजारांत बसायला विद्यापीठ मानांकित आणि सार्वजनिक किंवा ना-नफा असावे लागते. प्रवेश सहज देणारी काही नफेखोर विद्यापीठे इथेच मुलांना गोत्यात आणतात. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. कुणाला लागू, कुणाला सूट, हे अर्ज करतेवेळी पुन्हा पाहावे लागेल.

म्हणून कर्ज काढण्यापूर्वी घरात बसून एकाच प्रश्नाचे उत्तर द्या : मुलगा तिसऱ्या वर्षी परत आला आणि इथे नोकरीला लागला, तर ६८ हजारांचा हप्ता त्याच्या आणि तुमच्या उत्पन्नातून निघेल का? तुम्ही सहकर्जदार आहात. निघत नसेल तर एकमेव घर तारण ठेवू नका. ते नाकारण्यात मुलावर अन्याय नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही किंवा नगण्य आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आणि म्युनिकचे तंत्रविद्यापीठ हे ठळक अपवाद. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि भारतीयांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र आधी काढावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या कितीतरी आधी सुरुवात करा. जर्मन भाषा बी१ (मध्यम) पातळीपर्यंत तरी हवी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरी शोधताना तिथेच अडते. दुसरा मार्ग म्हणजे इथेच दोन वर्षे काम करून कर्जाची रक्कम कमी करणे.

प्रश्न : वय २६, बी.ए., पुण्यात राज्यसेवेची तयारी. हाताशी असावे म्हणून एम.ए.ला प्रवेश घेतला आहे. फायदा होईल का? – एक विद्यार्थी

राज्यसेवेला कोणतीही पदवी पुरते, एम.ए.चे वेगळे गुण नाहीत. एका बाबतीत मात्र उपयोग आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक असून वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना मिळून ५०० गुण आहेत. एम.ए.चा विषय तोच असेल तर एकच वाचन दोन्हीकडे चालेल. वेगळा असेल तर दोन्हीकडचे नुकसान.

‘हाताशी’ म्हणजे प्राध्यापकी असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातही ती देता येते, वयाची अट नाही, पण ती या दोन राज्यांपुरतीच चालते. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न असतात, चुकीला गुणकपात नाही, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार मिळतात. खुल्या प्रवर्गाला त्यासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे. तुमच्याकडे चारच वर्षे आहेत.

सेट झाली की नोकरी मिळाली, असे मात्र समजू नका. कायम जागा फार कमी निघतात आणि सेट-नेट झालेले असंख्य तरुण तासिका तत्त्वावर, सुट्टीत एक पैसाही न मिळता, वर्षानुवर्षे शिकवत आहेत. हे चित्र क्लेशदायक आहे, पण ते तुमच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. दोन प्रयत्नांनंतर थांबायचे की नाही, याची तारीख आजच वहीत लिहा.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक आहे. अधिकारी होण्यासाठी एम.कॉम. करू का? – कोल्हापूर

नको. आयआयबीएफ या बँकिंग प्रशिक्षण संस्थेच्या जेएआयआयबी (चार पेपर) आणि मग सीएआयआयबी (पाच पेपर) या परीक्षा द्या. त्यांची वेतनवाढ मिळते, आणि अंतर्गत बढतीच्या परीक्षेत विचारतात तोच अभ्यास यात होतो. काही बँकांत ही परीक्षा झालेल्यांना बढतीसाठी लागणारी सेवेची वर्षेही कमी धरतात. तुमच्या बँकेचे बढती धोरण युनियन कार्यालयात वाचायला मिळेल.

प्रश्न : समुपदेशक व्हायचे आहे. घरी बसून मानसशास्त्रात एम.ए. करता येईल का? – एक गृहिणी, मडगाव

जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांत दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेश यूजीसीने बंद केले आहेत. कुणी प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका. नियमित महाविद्यालयच पाहावे लागेल, आणि क्षेत्रकार्याचे तास किती, ते कुठल्या संस्थेत होतात आणि देखरेख कोण करते, हे तीन प्रश्न विभागप्रमुखांना विचारूनच निवड करा. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही पाटी लावायची असेल तर साधे एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. शाळेतल्या समुपदेशकाच्या जागेसाठी काय लागते ते शाळेच्या जाहिरातीतच पाहा, कारण काही ठिकाणी पदव्युत्तर पदवीसोबत समुपदेशनाची वेगळी पदविकाही मागतात.