कंट्रोल पॅनेलचं बटण दाबलं की दिवा लागतो, पण प्रोजेक्टर चालू होत नाही. प्रोग्रॅम चुकलाय का?

बहुतेक नाही. बटणाचा दिवा लागला म्हणजे पॅनेलला वीज आहे आणि बटण दाबलेलं त्याला कळलं, एवढंच. प्रोजेक्टरने ऐकलं की नाही, हे तो दिवा सांगत नाही.

आधी वायर बघा. साध्या आरएस-२३२ जोडणीला (तारेवरून कमांड पाठवायची सिरियल पद्धत) तीन तारा पुरतात: टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (ऐकणारी) आणि ग्राउंड. पॅनेलचा टीएक्स प्रोजेक्टरच्या आरएक्सला जायला हवा. एका वर्गखोलीत मी दोन तास प्रोग्रॅम उसवत बसलो होतो. शेवटी हिरव्या कनेक्टरमधल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि प्रोजेक्टर लगेच जागा झाला! (स्क्रू तारेच्या प्लास्टिकवर आवळला गेलाय का, तेही बघा.)

मग बॉड रेट, म्हणजे दोघांचा बोलण्याचा वेग; तो दोन्हीकडे सारखाच हवा. पुष्कळ प्रोजेक्टर ९६०० वर बोलतात, पण मॅन्युअल उघडाच. कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (कमांड संपल्याची खूण) राहिला असेल, तर प्रोजेक्टर वाक्य संपायची वाट बघत गप्प बसतो. नेटवर्कवरून पीजेलिंक (अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरना कळणारी सामाईक कमांड-भाषा) वापरत असाल तर पोर्ट ४३५२. काही मॉडेल वीजबचतीच्या स्टँडबायमध्ये नेटवर्क किंवा सिरियल पोर्टच बंद करतात. ती सेटिंग मेन्यूत असते.

तरी जमलं नाही, तर पॅनेल बाजूला ठेवा आणि लॅपटॉपवरून तीच कमांड पाठवा. चालली तर दोष पॅनेलच्या बाजूला.

आणि ‘चालू’च्या पाठोपाठ इनपुट बदलायची कमांड सोडू नका. प्रोजेक्टर तयार होईपर्यंत ती वाया जाते. मध्ये तीसेक सेकंदांचा विराम टाका.