बुद्धिबळानंतर गो जिंकायला संगणकाला आणखी १९ वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंय, की डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्येच बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं, मग गो या काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावरची जागा वेढायच्या खेळात अव्वल माणसाला हरवायला २०१६ का उजाडलं? संगणकांचा वेग कमी पडत होता का?

वेगाचा वाटा आहे, पण ते मुख्य कारण नाही. बहुतेक जण आकडा पुढे करतात: १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा, ३६१ छेदबिंदू, आणि नियमात बसणाऱ्या स्थिती मोजल्या तर २ वर सुमारे १७० शून्यं. आकडा खरा आहे. पण गो ९ बाय ९ च्या लहान पटावरही खेळतात. तिथल्या एकूण स्थिती बुद्धिबळापेक्षा कमी भरतात, तरी नव्वदच्या दशकातले प्रोग्रॅम त्या इवल्याशा पटावरसुद्धा व्यावसायिक खेळाडूंपुढे टिकत नव्हते.

खरी गोम आहे ती मूल्यमापनात. बुद्धिबळाचा डाव मध्येच थांबवून 'कोण पुढे आहे?' असं विचारलं, तर कच्चं उत्तर पटकन मिळतं. वजीर नऊ, हत्ती पाच, घोडा तीन, प्यादं एक, करा बेरीज. गोमध्ये सगळे खडे सारखे, आणि ठेवलेला खडा जागचा हलत नाही. त्याची किंमत ठरते ती त्याचा समूह जगणार की मरणार, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून पूर्ण वेढला जाऊन पटावरून उचलला जाणार, यावर. समूहाच्या आत दोन 'डोळे', म्हणजे प्रतिस्पर्ध्याला भरता न येणाऱ्या दोन रिकाम्या जागा तयार झाल्या, तर तो जगला. पण त्या होतील की नाही, हे पन्नास चालींनंतर पटाच्या भलत्याच कोपऱ्यातल्या लढाईवरही ठरू शकतं. मुरलेला खेळाडू नुसतं बघून सांगतो, 'हे खडे हलके आहेत, गेले तरी चालतील.' हे 'हलके' प्रोग्रॅमला कसं शिकवायचं, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत.

त्यातले एक चीनमधल्या ग्वांगजौचे चेन झिशिंग, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा हँडटॉक हा त्या काळातल्या सर्वोत्तम प्रोग्रॅमपैकी एक. कास्पारोव्ह हरला त्याच १९९७ साली जॅनिस किम या व्यावसायिक खेळाडूने हँडटॉकला सवलत म्हणून २५ खडे आगाऊ ठेवू दिले आणि तरी डाव जिंकला. मी स्वतः कॉलेजात असताना ग्नू गो या मोफत प्रोग्रॅमशी रोज खेळायचो. एखाद्या कोपऱ्यातल्या चकमकीत तो मला पुरून उरायचा, पण चार कोपऱ्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्याला उमगायचं नाही. हाताने लिहिलेल्या नियमांची मर्यादा मला तिथे दिसली.

मग आली ती मला आजही सगळ्यात सुंदर वाटणारी कल्पना. मधली स्थिती जोखता येत नाही ना? मग जोखूच नका. तिथून पुढे वाटेल तशा चाली टाकत डाव शेवटापर्यंत खेळा, कारण शेवटी कोण जिंकलं हे मोजणं सोपं असतं. असं हजारो वेळा करा आणि ज्या चालीतून जास्त विजय निघाले ती निवडा. बर्न्ड ब्रुगमन यांनी १९९३ मध्ये हे करून पाहिलं होतं. २००६ मध्ये रेमी कुलोम यांच्या क्रेझी स्टोनने त्याला चालींच्या झाडाची जोड दिली, म्हणजे चांगल्या निघालेल्या फांदीवर जास्त डाव खर्च करायचे. ऑगस्ट २००८ मध्ये मोगो या फ्रेंच प्रोग्रॅमने नेदरलँड्समधल्या महासंगणकावर चालून किम म्युंगवान या व्यावसायिक खेळाडूला हरवलं, ९ खडे आगाऊ घेऊन. वेग कामाला आला तो इथे. २०१३ पर्यंत व्यावसायिकाला हरवायला क्रेझी स्टोनला ४ आगाऊ खडे पुरत होते. पण तिथून बरोबरीपर्यंतचं अंतर खूप मोठं होतं.

ते गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फागो या प्रोग्रॅमने कापलं. त्याच्याकडे दोन न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या रचना, होती. एक चांगल्या चाली सुचवायचं. दुसरं नुसती स्थिती बघून जिंकण्याची शक्यता सांगायचं, म्हणजे 'कोण पुढे?' या जुन्या प्रश्नाचं उत्तर. ते कोणी नियम लिहून दिलेलं नव्हतं, स्वतःशीच खेळलेल्या डावांतून ते शिकलं होतं. मार्च २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला तिथल्या अव्वल खेळाडू ली सेडोलविरुद्ध अल्फागो ४-१ ने जिंकलं. दुसऱ्या डावातली त्याची ३७ वी चाल पटाच्या कडेपासून पाचव्या रेघेवर पडली. जागा मिळवायला तिसरी रेघ आणि मधल्या पटावर वचक ठेवायला चौथी, असं आम्ही शिकलेलो. समालोचकांना आधी ती चूकच वाटली.

चौथा डाव मी पाहिला तो रविवारी, आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू झाला. ७८ व्या चालीला ली सेडोलने पटाच्या मधोमध पाचर मारली, म्हणजे समोरच्याच्या खड्यांमध्ये आपला खडा घुसवला, आणि थोड्याच वेळात अल्फागो भरकटलं. मी एकटाच होतो, तरी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी अल्फागो झीरो माणसांचे डाव अजिबात न पाहता तीन दिवसांत असं शिकलं, की सोलला जिंकलेल्या आवृत्तीला त्याने १००-० ने हरवलं.

म्हणजे मूल्यमापन सुटलं का? पूर्ण नाही. काटागो हा आजचा अत्यंत बलाढ्य मोफत प्रोग्रॅम. त्याच्यातली खोट शोधायला संशोधकांनी दुसरा प्रोग्रॅम शिकवला, त्याला एक युक्ती सापडली, आणि २०२३ मध्ये केलिन पेलरिन या अमेरिकन हौशी खेळाडूने तीच युक्ती वापरून १५ पैकी १४ डाव जिंकले. काटागोचे खडे आपल्या एखाद्या समूहाभोवती कड्यासारखे जुळू द्यायचे आणि ते कडं बाहेरून हळूहळू वेढत न्यायचं. वेढा पूर्ण होत आला, तरी आपलं कडं सुखरूप आहे असंच काटागो धरून चालायचा. मध्यम खेळाडूलाही तिथला धोका दिसला असता.