इंग्लंडमध्ये फुटबॉलला स्मोक बॉम्ब नेला तर अटक, आणि क्रिकेटला नेला तर नुसतं बाहेर काढतात. हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की तिथे शिकणाऱ्या तुमच्या भावाला हे कुणीतरी सांगितलं, त्यात कितपत तथ्य आहे आणि एकाच वस्तूला दोन न्याय कसे.

बरंचसं तथ्य आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्मोक बॉम्ब, म्हणजे धुराचा डबा, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे की नाही, हे त्या दिवशी मैदानात कुठला खेळ चालू आहे त्यावर ठरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

मूळ कायदा १९८५ चा. त्याचं नाव क्रीडा कार्यक्रमांतील मद्य नियंत्रणाबद्दल आहे, म्हणून अनेकांना तो फक्त दारूचा वाटतो. १९८६ मध्ये त्यात कलम २ए घातलं गेलं. ज्या वस्तूचा मुख्य उपयोग धूर किंवा दिसणारा वायू सोडणं, अथवा इशाऱ्यासाठी उजेड पाडणं हा आहे, अशी कुठलीही वस्तू त्यात येते. फटाके तर येतातच. समुद्रातल्या बोटींवरचे संकटकाळी वापरायचे फ्लेअर (इशाऱ्यासाठी झगझगीत उजेड पाडणाऱ्या नळ्या), आणि प्लंबर लोक पाइपची गळती शोधायला वापरतात त्या धुराच्या गोळ्यासुद्धा कायद्यात नाव घेऊन लिहिल्यात. काडेपेटी, लायटर आणि हीटर मात्र वगळलेत. डबा पेटवायलाच पाहिजे असं नाही, खिशात असणं पुरेसं आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता अटी बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. सामना ‘नियुक्त’ हवा, म्हणजे व्यवहारात फुटबॉलचाच: वरच्या स्तरांतल्या लीगमधल्या क्लबांचे सामने आणि आंतरराष्ट्रीय सामने. मैदानही नियुक्त हवं. वेळ सामन्याआधी दोन तासांपासून सामना संपल्यावर एक तासापर्यंत. आणि माणूस जिथून खेळ थेट दिसतो अशा भागात हवा, किंवा आत शिरत असताना अथवा शिरायचा प्रयत्न करत असताना सापडायला हवा. बाहेरच्या रस्त्यावर, पबच्या दारात किंवा रेल्वे स्टेशनवर पेटवलेल्या डब्याला हे कलम लागत नाही. तिथे पोलिसांना सार्वजनिक शांततेचे किंवा स्फोटकांचे सर्वसाधारण कायदे शोधावे लागतात.

लंडनचं वेम्बली स्टेडियम घ्या. एका शनिवारी तिथे फुटबॉलच्या एफए कपचा अंतिम सामना असला तर आत शिरताना सापडलेला डबा २ए खाली गुन्हा. दुसऱ्या आठवड्यात त्याच गेटवर, त्याच डब्यासकट, रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना असेल तर हे कलम लागूच नाही. तिसऱ्या आठवड्यात संगीताचा कार्यक्रम असेल तर पुन्हा गुन्हा, कारण २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम कायद्याच्या कलम १३४ ने संगीत कार्यक्रमांसाठी जवळपास तसाच गुन्हा निर्माण केला, शिक्षाही तेवढीच. म्हणजे गाणं आणि फुटबॉल यांच्यामधला अख्खा क्रीडाविभाग मोकळा राहिला. माझ्या मते याला आता काही तर्क उरलेला नाही. ऐंशीच्या दशकात धुमाकूळ फुटबॉलच्या स्टँडमध्ये होता, म्हणून कायदा फुटबॉलपुरता झाला आणि पुढे कुणी तो उघडून रुंद केला नाही. दारूचं तेच: रग्बीला सीटवर बसून बिअर पिता येते, फुटबॉलला खेळपट्टी दिसेल अशा जागी पिता येत नाही.

धोका फुटबॉलपुरता आहे असं अजिबात नाही. १७ नोव्हेंबर १९९३ ला कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्स विरुद्ध रोमानिया सामन्यात समोरच्या स्टँडमधून सुटलेला बोटीवरचा फ्लेअर मैदान ओलांडून आला आणि एका वयस्कर प्रेक्षकाचा जीव गेला. सामना फुटबॉलचा होता, मैदान मात्र वेल्सच्या रग्बीचं माहेरघर. क्रिकेटमध्ये जून २००१ ला ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान एकदिवसीय सामन्यात सीमारेषेवर ब्रेट लीजवळ फटाका फुटला आणि स्टीव्ह वॉ संघाला घेऊन मैदानाबाहेर गेला. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ साली नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला पात्रता फेरीत कुणीतरी ट्रॅकवर पेटता फ्लेअर टाकल्यामुळे लाल झेंडा दाखवून सत्र थांबवावं लागलं.

मग क्रिकेट किंवा रग्बीला सापडलं तर काय होतं? पहिली पायरी तिकिटामागच्या अटींची. धुराचे डबे, फ्लेअर, फटाके यांना त्यात बंदी असतेच. मैदान खासगी जागा असल्यामुळे स्टुअर्ड (प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारा मैदानाचा कर्मचारी) वस्तू सोडून द्यायला सांगू शकतो, नकार दिलात तर प्रवेश नाकारू शकतो, आत असाल तर बाहेर काढू शकतो आणि संस्था पुढच्या सामन्यांना बंदी घालू शकते. हा करारभंग झाला, गुन्हा नव्हे. पेटवून कुणाला इजा केली, फटाका सार्वजनिक जागी फेकला किंवा मैदानात घुसून खेळ अडवला, तर सर्वसाधारण गुन्हे लागतात. मैदानात घुसण्याचंही असंच आहे. फुटबॉलसाठी १९९१ चा खास कायदा आहे, क्रिकेटसाठी नाही. २०२१ च्या भारत-इंग्लंड ओव्हल कसोटीत भारताची जर्सी घालून धावत आलेला तो इसम जॉनी बेअरस्टोवर आदळला, तेव्हा त्याच्यावर अतिक्रमणाचा सर्वसाधारण गुन्हा लावावा लागला.

झडतीतही फरक पडतो. १९८५ च्या कायद्याचं कलम ७ पोलिसाला, वाजवी संशय असेल तर, फुटबॉल प्रेक्षकाची झडती घ्यायचा अधिकार देतं. क्रिकेटला हा अधिकार नाही. सर्वसाधारण कायद्यात फटाक्यांसाठी झडतीची तरतूद आहे खरी, पण ती अल्पवयीन मुलाकडचे मोठ्यांचे फटाके किंवा व्यावसायिक दर्जाचे फटाके अशा नियमभंगापुरती. दुकानात मिळणारा रंगीत धुराचा डबा बहुधा फटाका या वर्गात मोडतच नाही, तो ‘इतर पायरोटेक्निक’ (धूर, उजेड किंवा ज्वाला सोडणारी वस्तू) म्हणून अठरा वर्षांवरच्या कुणालाही विकता येतो. विकत घेणं कायदेशीर आणि गेटवर नेणं गुन्हा, हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही, आणि सापडतात ते बरेचदा अशीच पोरं.

आता प्रत्यक्ष स्टँडमध्ये काय होतं ते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धूर निघाला की पोलिसांनी गर्दीत घुसून उचलायला हवं. तसं सहसा करत नाहीत, आणि बरोबरच करतात. भरलेल्या रांगेत चार पोलिस घुसले तर लोक मागे सरकतात, पायऱ्यांवर रेटारेटी होते आणि डब्यापेक्षा ती जास्त घातक ठरते. शिवाय अनेक कमी जोखमीच्या सामन्यांना स्टेडियमच्या आत पोलिस नसतातच, सगळा भार स्टुअर्डांवर. म्हणून काम तीन ठिकाणी होतं: गेटवर झडती आणि पायरोटेक्निकचा वास ओळखणारी कुत्री, आत सीसीटीव्ही आणि नेहमीचे चेहरे ओळखणारे ‘स्पॉटर’ पोलिस, आणि सामना संपल्यावर बाहेर पडताना किंवा काही दिवसांनी घरी अटक.

अडतं ते पुराव्यात. पेटवणारा माणूस मोठ्या झेंड्याखाली वाकतो, टोपी किंवा स्कार्फने तोंड झाकतो, डबा पेटला की शेजाऱ्याच्या हातात देतो किंवा पायाशी टाकतो. आणि धूर नेमका त्याच क्षणी कॅमेऱ्यावर पडदा टाकतो. न्यायालयात सिद्ध करायचं असतं ते ‘याच माणसाच्या हातात होता’ हे. त्यामुळे कॅमेरा चालवणारा धुराकडे न बघता धुराआधीची दोन-तीन मिनिटं मागे जाऊन बघतो: झेंडा कुणी पसरला, खाली कोण गेलं, कुठल्या रंगाचे बूट घालून बाहेर आलं. जॅकेट बदललं जातं, बूट क्वचितच.

जमिनीवर पडलेला डबा उचलणं हे वेगळं काम. रंगीत धुराच्या डब्यात साधारण पोटॅशियम क्लोरेट, साखरेच्या जातीचं इंधन, सेंद्रिय रंग आणि तापमान आटोक्यात ठेवायला खाण्याचा सोडा असतो. रंग जळता कामा नये, त्याची वाफ होऊन ती हवेत थंड व्हावी, अशी ती रचना. तरी डब्याचं अंग चटका बसण्याइतकं तापतं, आणि मिश्रण जास्त तापलं तर तोंडातून ज्योत निघते. आपला भुईनळा विझल्यावरही हात भाजतो, तसंच. ऑक्सिजन मिश्रणातच असल्यामुळे वर वाळू टाकून तो गुदमरत नाही. वाळूची बादली असते ती उष्णता आणि ठिणग्या कोंडायला आणि डबा घरंगळू नये म्हणून. स्टुअर्डने उष्णतारोधक हातमोजे घालून, तोंड स्वतःपासून लांब धरून तो बादलीत उभा करायचा. पायाने चिरडायला गेलात तर जळतं मिश्रण बुटाला चिकटतं. लाल फ्लेअर तर याहून कितीतरी घातक: ब्रिटिश पोलिस इशाऱ्यात त्याचं तापमान १,६०० अंश सेल्सियसपर्यंत सांगतात, प्लॅस्टिकची सीट आणि नायलॉनचं जॅकेट त्यापुढे टिकत नाही. बोटीवरचा असेल तर तो पाण्यातही सहज विझणार नाही असाच बनवलेला असतो.

शिक्षेपेक्षा जास्त बोचते ती फुटबॉल बंदीची ऑर्डर, म्हणजे सामन्यांना जायला न्यायालयाची मनाई. दंडावर भागलं तरी न्यायालय तीन ते पाच वर्षांची बंदी घालू शकतं, थेट कैद झाली तर सहा ते दहा. ऑर्डर निघाल्यापासून पाच दिवसांत पोलिस ठाण्यात हजर व्हावं लागतं, परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या काळात ब्रिटिश पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि ती मोडणं हा स्वतंत्र गुन्हा. शिवाय २०२२-२३ च्या हंगामापासून डबा नेणाऱ्यावर किंवा वापरणाऱ्यावर क्लबचीही आपोआप बंदी येते, लहान मूल सापडलं तर बरोबरच्या पालकावरही येऊ शकते. क्रिकेट किंवा रग्बीत या बंदीच्या ऑर्डरला समांतर काही नाही.

स्कॉटलंडने २०२२ च्या कायद्याने हा गोंधळ बराचसा सोडवला: क्रीडा आणि संगीत कार्यक्रम, मिरवणुका, सभा, सगळीकडे सबळ कारणाशिवाय पायरोटेक्निक जवळ बाळगणं गुन्हा. दुसऱ्या टोकाला, परवानगी देऊन बघणारेही आहेत. जर्मनीत ८ फेब्रुवारी २०२० ला हॅम्बुर्गच्या क्लबने कार्ल्सरूहविरुद्धच्या सामन्याआधी, फुटबॉल संघटनेच्या संमतीने आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली दहा धुराची भांडी पेटवली. अमेरिकेत पोर्टलँडच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर गोल झाल्यावर हिरवा धूर ठरलेल्या माणसाकडून सुटतो. हे जमतं, कारण तिथे डबा मोकळ्या जागेत असतो आणि हातात कुणाच्या आहे ते आधीच माहीत असतं. इंग्लंडच्या कलमातही ‘कायदेशीर अधिकाराने’ बाळगल्याचा बचाव आहे, पण तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. ‘मित्राने धरायला दिला होता’ हे त्यात बसत नाही.

तुमच्या भावासाठी एवढंच. गेटआधी बॅग आणि जॅकेटचे खिसे स्वतः तपासायचे, दुसऱ्याची बॅग आत न्यायची नाही. शेजारी कुणी पेटवला तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरकायचं, दमा असेल तर लगेच खाली उतरून मोकळ्या जागेत जायचं, आणि पायाशी आलेला डबा हाताने उचलून मैदानात फेकायचा नाही. कॅमेऱ्यात डबा त्याच्याच हातात दिसेल, आणि फेकल्याचा गुन्हा १९९१ च्या कायद्याखाली वेगळा लागेल. विद्यार्थी व्हिसाच्या पुढच्या अर्जात शिक्षा झाली होती का हा प्रश्न असतो, तिथे ‘नुसता दंड होता’ म्हणून रकाना रिकामा सोडता येत नाही.