नवीन जोडलेल्या पीसीत एक ड्राइव्ह बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही, आणि दुसरी कुठेच दिसत नाही. काय तपासावे?

आपल्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड एकत्र आले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही. आपण लिहिले आहे की बी५५० चिपसेटच्या (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिपच्या) मदरबोर्डावर दोन एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआय एक्स्प्रेस या वेगवान मार्गाने चालणाऱ्या) आणि एक साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडी लावली आहे. पहिल्या एनव्हीएमईवर विंडोज व्यवस्थित चालते, दुसरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये येत नाही, आणि साटा एसएसडीचा दोन्हीकडे पत्ता नाही. जी ड्राइव्ह बायोसला दिसते तिची जोडणी ठीक आहे असे समजावे. तिच्यासाठी कॅबिनेट उघडण्याची गरज नाही. जी बायोसलाच दिसत नाही तिच्यासाठी मात्र विंडोजमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही.

दुसऱ्या एनव्हीएमईचे काम सोपे आहे. कोरी ड्राइव्ह विकत आणली की तिच्यावर ना विभाजन असते ना फॉरमॅट, त्यामुळे विंडोज तिला अक्षर देत नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ती ड्राइव्ह तिथे ‘नॉट इनिशियलाइज्ड’ किंवा ‘अनअलोकेटेड’ अशी दिसेल. इनिशियलाइज करताना (म्हणजे ड्राइव्ह पहिल्यांदा वापरासाठी तयार करताना) विभाजनांची जीपीटी ही नवी पद्धत निवडा, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत नेहमीच्या ड्राइव्हवरची २ टेराबाइटपुढची जागा वापरता येत नाही. त्यानंतर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ने एनटीएफएस फॉरमॅट केले की काम झाले. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते: ज्या जुन्या ड्राइव्हवर आपली माहिती आहे ती लावल्यावर विंडोज इनिशियलाइज करायला सांगू लागले, तर तिथेच थांबावे आणि होकार देऊ नये.

आता साटा एसएसडी. माझा पहिला संशय केबलवर नसून आपल्या दुसऱ्या एनव्हीएमईवर आहे. बी५५० चिपसेटकडे मोजक्याच लेन (माहिती ने-आण करण्याच्या वाटा) असतात, आणि त्यांतल्या काही दुसऱ्या एम.२ स्लॉट (एनव्हीएमई ड्राइव्ह बसवायची जागा) व ठरावीक साटा पोर्ट यांच्यात वाटून दिलेल्या असतात. त्यामुळे अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवली की बहुधा पाचवे आणि सहावे साटा पोर्ट आपोआप बंद होतात. बोर्ड याबद्दल स्क्रीनवर चकार शब्द काढत नाही. ही माहिती फक्त मॅन्युअलमधल्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि मॅन्युअल तर खोक्यातच राहते. पोर्टचे क्रमांक बोर्डावर छापलेले असतात. एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून साटा केबल पहिल्या किंवा दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. बहुतेक वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो.

त्यानेही ड्राइव्ह दिसली नाही तर पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. बायोसमध्ये साटा कंट्रोलर चालू आहे ना, हे पाहावे. डेटा केबल बदलावी. मग एसएमपीएसकडून येणारा पॉवर कनेक्टर पूर्ण आत गेला आहे का ते तपासावे. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर केबलचे दुसरे टोक त्याच्याच बाजूने निसटलेले असण्याची शक्यता अधिक. मात्र केबल अपुरी पडली म्हणून घरातल्या जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल कधीही जोडू नये. ड्राइव्हकडचा कनेक्टर सगळीकडे सारखा असला, तरी एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले तर ड्राइव्ह त्याच क्षणी जळते. ड्राइव्ह दिसत नाही ही अडचण दुरुस्त होणारी आहे. हा अपघात मात्र दुरुस्त होणारा नाही.

आपली साटा एसएसडी अडीच इंची आहे की एम.२ आकाराची, हे आपण लिहिलेले नाही. ती एम.२ आकाराची असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी स्लॉट तपासा. साटा प्रकारच्या एम.२ ड्राइव्हला बहुधा दोन खाचा असतात आणि ती एनव्हीएमईच्या स्लॉटमध्येही नीट बसते, स्क्रूही लागतो. पण तो स्लॉट फक्त पीसीआय एक्स्प्रेस चालवणारा असेल तर ती कधीच दिसणार नाही. अशा वेळी दोष ना ड्राइव्हचा असतो ना बोर्डाचा.

हे सर्व करूनही ती दिसली नाही, तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. अडीच इंची असेल तर साटा-यूएसबी अडॅप्टरही चालेल. तिथे दिसली तर बोर्डाच्या विक्रेत्याकडे जा, नाही दिसली तर ड्राइव्हच्या वॉरंटीसाठी बिल शोधा.