जुन्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांची हुद्द्याची चिन्हे जमवायची असतील, तर सुरुवात कशापासून करावी आणि नकली वस्तू कशी ओळखावी?

आपण मुंबईत राहता, जर्मन अधिकाऱ्यांच्या गणवेशावरील चिन्हे जमवण्याची आपली इच्छा आहे आणि पहिली खरेदी फसू नये एवढीच आपली अपेक्षा आहे, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे श्टुटगार्टजवळ राहत आहे आणि तिथल्या जुन्या बाजारांत फिरता फिरता मलाही हा छंद जडला. माझा सल्ला असा की, सुरुवात 1918 पूर्वीच्या, म्हणजे कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातील खांदापट्ट्यांपासून करावी. नाझी काळातील वस्तूंना मागणी प्रचंड असल्यामुळे नकलांचा सुळसुळाटही तिथेच अधिक आहे. शिवाय स्वस्तिक असलेली चिन्हे जर्मनीत जाहीरपणे दाखवण्यावर दंड संहितेच्या कलम 86अ नुसार बंदी आहे. संशोधन, शिक्षण यांसारख्या कारणांसाठी त्यात अपवाद आहेत. नवशिक्याने त्या वाटेला न गेलेलेच बरे.

कैसरच्या काळातील खांदापट्टी वाचता येते, हे तिचे मोठे आकर्षण आहे. कप्तानापर्यंतच्या अधिकाऱ्यांच्या पट्टीवर चंदेरी गोफ सरळ, एकाशेजारी एक बसवलेले असतात. मेजरपासून कर्नलपर्यंत ते वेणीसारखे गुंफलेले असतात. लेफ्टनंटच्या पट्टीवर तारा नसतो, त्याच्या वरच्या हुद्द्याच्या ओबरलेफ्टनंटला एक आणि कप्तानाला दोन; वेणीच्या पट्टीवर पुन्हा शून्यापासून तीच मोजणी सुरू होते. त्या चंदेरी गोफात अधूनमधून रंगीत धाग्याचे ठिपके दिसतात. ते काळे असतील तर प्रशिया, निळे असतील तर बव्हेरिया, हिरवे असतील तर सॅक्सनी आणि काळे-तांबडे असतील तर व्युर्टेंबर्ग समजावे, कारण साम्राज्य एक झाले तरी या राज्यांनी आपापले रंग सोडले नव्हते. मधोमध रेजिमेंटचा क्रमांक किंवा तिच्या मानद प्रमुखाची मुकुटासह आद्याक्षरे असतात. बर्लिनच्या पहिल्या गार्ड ड्रॅगून या घोडदळाच्या रेजिमेंटची मानद प्रमुख इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया होती आणि त्या पट्टीवरच्या ‘व्ही आर आय’ या गुंफलेल्या अक्षरांतला शेवटचा ‘आय’ हा ‘इम्पेराट्रिक्स’ या लॅटिन शब्दाचा, तिच्या सम्राज्ञीपदाचा, म्हणजे भारताच्या सम्राज्ञीचा आहे. प्रशियन घोडदळाच्या खांद्यावर आपल्या देशाची अशी खूण भेटेल, याची मला कल्पनाही नव्हती.

नकली ओळखण्याची खरी जागा मात्र मागची बाजू आणि धागा ही आहे. ज्यांनी आजीची पैठणी हाताळली आहे, त्यांना हे चटकन कळेल. जुन्या पट्टीतील जरीची तार चांदीची असते, त्यामुळे ती काळाने काळवंडते, पण सगळीकडे सारखी नाही: वर आलेल्या कडांवर थोडी चमक उरते आणि गोफाच्या खोबणीत काळोखी साठते. रसायनाने मुद्दाम जुनी केलेली तार सपाट, एकसारखी करडी दिसते. 1930 च्या दशकात अॅल्युमिनियमचा धागा रूढ झाला आणि तो असा काळा पडत नाही. म्हणून कैसरच्या काळातील म्हणून दाखवलेली पट्टी पांढरट राखाडी, कोरडी दिसत असेल तर तिच्याकडे संशयाने पाहावे. अतिनील दिवा मात्र आवर्जून घ्यावा. कापडाला शुभ्रता देणारी चकाकद्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली आणि ती या दिव्याखाली चमकतात, त्यामुळे शिलाईचा दोरा निळसर पांढरा उजळला तर तो बहुधा नंतरचा असतो. पण जुने कापड आजच्या साबणाने कुणी धुतले असेल तरीही ते उजळते, म्हणून एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये.

ताऱ्यांबाबत विशेष सावध राहावे. ताऱ्याला मागे दोन नख्या असतात, त्या गोफातून आरपार जाऊन मागे दुमडलेल्या असतात. कप्तानाची पट्टी लेफ्टनंटच्या पट्टीपेक्षा महाग जाते, आणि दोन तारे टोचायला पाच मिनिटे लागतात! माझ्या दुसऱ्याच खरेदीत मी असाच एक ‘बढती मिळालेला’ लेफ्टनंट घरी आणला. तारा किंचित उचलून पाहिला, तेव्हा खालचा गोफ आजूबाजूच्या गोफाइतकाच काळवंडलेला होता. वर्षानुवर्षे झाकलेली जागा उजळ राहायला हवी होती. नख्यांची भोकेही ताजी, कडा न झिजलेली होती. खऱ्या बढतीतही नवा तारा नंतर बसतो, हे मान्य. पण तो बसून शंभर वर्षे झाली असतील तर त्याच्याखाली ठसा उमटतोच.

खरेदीपूर्वी अस्सल वस्तू डोळ्यांखालून जाव्यात म्हणून, जर्मनीला येणे झाले तर इंगोलश्टाटचे बव्हेरियन लष्करी संग्रहालय किंवा राश्टाटच्या राजवाड्यातील लष्करी इतिहासाचे संग्रहालय पाहावे. जोडीचा हट्ट सुरुवातीला धरू नये. एकटी पट्टी बरीच स्वस्त मिळते आणि शिकण्यासाठी तेवढीच पुरेशी असते; शक्य झाल्यास एकाच राज्याच्या पट्ट्या घ्याव्यात.

चांदी चमकवण्याचे द्रव कधीही लावू नये. मी एकदा लावले आणि गोफासोबत त्यातले निळे ठिपकेही फिके करून बसलो. मुंबईच्या दमट हवेत खालच्या लोकरी कापडाला कसर लागते, तेव्हा आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पावसाळ्यात दर महिन्याला त्या पुड्या बदलाव्यात.