वरिष्ठ सभागृह मोडण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

वरिष्ठ सभागृहावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. जनतेने न निवडलेल्यांनी जनतेच्या प्रतिनिधींना अडवून धरू नये, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मात्र तेवढ्या एका मुद्द्यावरून तू थेट सभागृह रद्द करण्यापर्यंत पोहोचतोस, हे मला पटत नाही. ते सभागृह आज कोणते काम करते आणि ते गेल्यावर ते काम कोणाकडे जाणार, हे मसुद्यात कुठेच आलेले नाही.

न्यूझीलंडचा दाखला तू एका ओळीत उरकला आहेस, आणि खरा अभ्यास तर तिथेच आहे. तेथील नियुक्त सदस्यांची विधान परिषद इतकी निष्प्रभ झाली होती की १९५० मध्ये सरकारने ती रद्द करण्यासाठीच नवे सदस्य नेमले आणि त्यांनी आपल्याच सभागृहाच्या विसर्जनाला मत दिले. त्यानंतर सभागृह एकच, आणि त्यातले बहुमत मंत्रिमंडळाच्या मुठीत, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. बहुतेक विधेयके प्रवर समित्यांकडे, म्हणजे विधेयके बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समित्यांकडे, जाऊ लागली ती १९८५ च्या सुधारणांनंतर, आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व (पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा) मिळाले ते १९९३ च्या सार्वमतामुळे, १९९६ च्या निवडणुकीपासून. म्हणजे गेलेल्या अंकुशाची भरपाई व्हायला एक पिढी जावी लागली. डेन्मार्कनेही १९५३ मध्ये वरिष्ठ सभागृह काढले, परंतु त्याच संविधानात, काही विषय वगळून, संसदेने मंजूर केलेले विधेयक सार्वमताला नेण्याची मागणी करण्याचा अधिकार एकतृतीयांश सदस्यांना दिला. माझ्या मते रद्द करण्याचा प्रामाणिक मार्ग हाच आहे: काढणे आणि पर्याय देणे एकाच दस्तऐवजात झाले पाहिजे.

‘सभागृह निवडून आणले की प्रश्न सुटला’ हे तुझे वाक्य मला त्याहून अधिक धोक्याचे वाटते. निवडून आलेला सदस्य आपले अधिकार वापरणारच. ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये थेट निवडून आलेल्या सिनेटने, म्हणजे तेथील वरिष्ठ सभागृहाने, सरकारी खर्चाची मंजुरी रोखून धरली आणि अखेरीस राणीचे प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर-जनरलनी पंतप्रधान व्हिटलम यांना पदावरून दूर केले. म्हणून सुधारणा सुचवताना आधी अधिकारांच्या मर्यादा लिही, मग निवडणुकीची पद्धत. भारताच्या राज्यघटनेत धनविधेयकाबाबत राज्यसभेला फक्त १४ दिवस आणि शिफारशींपुरताच अधिकार आहे. ब्रिटनमध्ये १९४९ पासून लॉर्ड्स सभागृह बहुतेक विधेयके सुमारे एक वर्षच लांबवू शकते. अशा मर्यादा नसतील, तर निवडणुकीने दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी तेवढे निर्माण होतील.

संघराज्यांसाठी मात्र स्वतंत्र प्रकरण कर. जर्मनीच्या बुंडेसराट या सभागृहामध्ये राज्य सरकारांचेच प्रतिनिधी बसतात, आणि कॅनडाची सिनेट रद्द करायची तर सर्व प्रांतांची संमती लागेल, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. अशा ठिकाणी ते सभागृह हा घटक राज्यांशी झालेल्या कराराचा भाग असतो, आणि तो एकट्या केंद्राने मोडू नये, असे मी ठामपणे म्हणेन.

खर्च वाचेल हा परिच्छेद काढून टाक. आयर्लंडमध्ये २०१३ च्या सार्वमतात हाच मुद्दा जोराने मांडला गेला, तरी ५१.७ टक्के मतदारांनी सिनेट राखली. त्या जागी विधेयकांची तपासणी पुढे कोण, किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाराने करील, हे लिही आणि मसुदा पुन्हा माझ्याकडे पाठव.

तुझा शुभचिंतक