उत्तर: चौघं, एक खोली आणि ओसाका

तुम्ही मे महिन्यात मुलगा आणि आई धरून चौघं जपानला, ओसाकाला निघालाय, त्या पोस्टमधलं "एजंट म्हणतोय ट्रिपल रूम घ्या, चौथा माणूस तिथे गेल्यावर ॲडजस्ट होतो" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. व्हिसा, सिमकार्ड, कुठलं ॲप वगैरे वर बाकीच्यांनी सांगितलंय, ते सोडून देते. डिस्क्लेमर आधीच देते, मी ट्रॅव्हलवाली नाही, नवऱ्याच्या नोकरीमुळे ओसाकात राहून आले एवढंच, आणि भाव-नियम बदलत असतात तेव्हा स्वतः तपासून घ्या.

तर ॲडजस्ट होत नाही. जपानमध्ये हॉटेलचं बुकिंग खोलीचं नसून माणसांचं असतं. म्हणजे त्याच खोलीचा दोघांसाठी एक दर, तिघांसाठी वेगळा, आणि जितकी नावं बुकिंगवर तितकीच माणसं वर जाणार. पाहुण्यांची नोंदवही ठेवणं त्यांना कायद्याने सक्तीचं आहे, परदेशी माणसांच्या तर पासपोर्टची कॉपी काढतात, त्यामुळे काउंटरवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी डोळेझाक करणार नाही.

आमचं काय झालं ते सांगते. नवरा आधीच तिकडे गेलेला, कंपनीच्या वसतिगृहात, तिथे पाहुणे चालत नाहीत. मी, आई आणि सासूबाई अशा तिघी निघालो. पुण्यातल्या एका ऑफिसने (नाव लिहीत नाही, विचारूही नका) तिघींची एक खोली, "एक्स्ट्रा बेडसकट" असं सांगून तिघींचे पैसे घेतले. व्हाउचर मागितलं की "निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर येईल मॅडम". आलं ते आम्ही विमानतळावर रांगेत असताना, त्यात बारीक अक्षरात "2 ॲडल्ट". तिथूनच फोन केला तर म्हणे ते सिस्टिममध्ये तसंच दिसतं, हॉटेलला कळवलंय, काळजी करू नका.

हॉटेलला काहीही कळवलेलं नव्हतं. रात्री पोचलो, आईचे पाय सुजलेले, आणि समोर 120 सेंटीमीटरचा एक पलंग असलेली खोली. याला तिकडे सेमी-डबल म्हणतात आणि तो दोन माणसांसाठी विकतात, बरं का! काउंटरवरचा मुलगा वाकून वाकून माफी मागत होता पण तिसरीला वर सोडेना. सासूबाई म्हणाल्या मी खाली सतरंजीवर झोपते, त्याला सांग. काय सांगणार, सतरंजी टाकायला जमीन तर हवी ना, बॅगा ठेवल्यावर दार उघडत नव्हतं. ऐन चेरी ब्लॉसमचा सीझन, आसपासची हॉटेलं भरलेली, शेवटी तिथेच वरच्या मजल्यावर दुसरी खोली घेतली, आयत्या वेळच्या दराने, आणि तीही सिगरेटवाल्यांची, कारण तेवढीच रिकामी होती. उरलेल्या सगळ्या रात्री तसंच. दोन्ही खोल्या मिळून जे झालं त्यात नदीकाठचं चांगलं हॉटेल आलं असतं.

परत आल्यावर त्या ऑफिसात गेले तर आधी "हॉटेलची पॉलिसी, आमच्या हातात नाही", मग "सर मीटिंगमध्ये आहेत", मग खूप डोकं खाल्ल्यावर क्रेडिट नोट. पुढची टूर त्यांच्याकडेच केली तर वळती होणार, तीही सहा महिन्यांच्या आत! तिसरीचे पैसे हॉटेलला न देता तुम्ही ठेवून घेतलेत तर ते परत करा, एवढं साधं म्हणणं, पण नाही. असो, बीपी वाढतं.

तर तुम्ही आजच्या आज एजंटकडून हॉटेलचं कन्फर्मेशन मागा, त्याच्या लेटरहेडवरचं नको, हॉटेलने दिलेलं. त्यात चार माणसं आहेत का, पलंग किती आणि रुंदी किती सेंटीमीटर, खोली किती चौरस मीटर आणि नॉन-स्मोकिंग आहे का, ते बघा. तिकडच्या बिझनेस हॉटेलातल्या खोल्या 11 ते 14 चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 10 बाय 12 ते 10 बाय 15, बाथरूम धरून. मग थेट हॉटेलला चौघांची नावं घालून साधा ईमेल करा, उत्तर देतात. मुलगा 10 वर्षांचा म्हणताय, काही हॉटेलं लहान मुलाला आईबापाच्या पलंगावर फुकट झोपू देतात पण वयाची अट प्रत्येकाची वेगळी, कोणी सहाव्या वर्षी थांबतं कोणी बाराव्या, आणि फुकट असला तरी आकड्यात तो दाखवावाच लागतो. एजंट टाळाटाळ करायला लागला तर माझ्या मते कॅन्सल करा. चौघांसाठी मी तरी अपार्टमेंट हॉटेल बघेन, मिमारू नावाच्या साखळीसारखी, चार पलंग आणि छोटं किचन असतं. महाग वाटतात पण दोन खोल्यांच्या भाड्याशी तुलना करा. शिवाय माणशी रात्री 200 ते 500 येन लॉजिंग टॅक्स लागतो, तो बऱ्याचदा काउंटरवर वेगळा मागतात, तेव्हा तिथे भांडू नका. आणि मे म्हणताय तर पहिला आठवडा टाळाच, गोल्डन वीक म्हणजे तिकडच्या सलग सुट्ट्या असतात, दर बघून घाम फुटतो.

एरिया. इथे सगळे उमेदा उमेदा करतात, ओसाकाचा मुख्य स्टेशनाभोवतीचा भाग, मला पटत नाही. जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिच्या स्टेशनचं नाव ओसाका, मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा अशी तीन, हांक्यू आणि हानशिन या खासगी रेल्वेंची ओसाका-उमेदा, आणि हे सगळं जमिनीखालच्या बाजारांनी एकमेकांना जोडलेलं. सासूबाईंना घेऊन तिथे लिफ्ट शोधत फिरणं म्हणजे शिक्षा. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर नांबा, त्यातही नानकाई या खासगी रेल्वेच्या स्टेशनाजवळ, विमानतळावरून थेट गाडी, साध्या एक्सप्रेसने पाऊण तास आणि हजार येनच्या आत. फक्त नांबा नावाचीही बरीच स्टेशनं आहेत, "नांबापासून 5 मिनिटं" लिहिलं असेल तर कुठल्या, ते मॅपवर बघा. रात्रीची गजबज नको असेल तर तेन्नोजी, विमानतळाची हारुका गाडी थांबते, नाराला थेट ट्रेन आहे, मेट्रोची लाल मिदोसुजी लाईन आहेच. शिन-ओसाका, म्हणजे बुलेट ट्रेनच्या स्टेशनचा भाग, स्वस्त पडतं पण संध्याकाळी करायचं काय तिथे?

खाणं. आई पूर्ण शाकाहारी आहेत म्हणताय तर स्पष्ट लिहिते, खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. मिसो सूप, उदोन (जाड नूडल्स), भाजीचा रस्सा, टेम्पुराबरोबरची (तळलेल्या भज्यांबरोबरची) चटणी, सगळ्यात बहुतेक वेळा ही दाशी, म्हणजे माशाच्या किसाचं पाणी, असतं, आणि वेटर प्रामाणिकपणे सांगतो की यात मासा नाही, कारण तुकडा नसतो. ओसाकाचं प्रसिद्ध कित्सुने उदोन, वर नुसतं गोड टोफू, फोटोत शंभर टक्के शाकाहारी, तरी तेच. ताकोयाकीच्या गोळ्यांत ऑक्टोपस, ओकोनोमियाकी या जाड धिरड्याच्या पिठातच दाशी. ज्यांना चालतं त्यांनी दोतोनबोरीला, नांबाजवळच्या खाऊगल्लीत, जरूर खा, आम्ही नवराबायको खायचोच. आईंसाठी नेपाळी लोकांनी चालवलेली इंडियन हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, कांदा-लसूण नको म्हटलं तरी बहुतेकदा करून देतात. एक दिवस कोबेला जा, ओसाकाहून जेआरच्या जलद गाडीने अर्धा तासही नाही, तिथे कितानो भागात जैन मंदिर आहे, भारतीय वस्ती जुनी आहे, वाणसामान मिळतं. आणि डॉन किहोते (स्वस्त वस्तूंच्या दुकानांची साखळी) किंवा सुपरमार्केटच्या दाराशी गरम भाजलेलं रताळं मिळतं, याकी-इमो, सासूबाईंची चतुर्थी त्यावरच झाली. घरून ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

खरेदीचं थोडक्यात. शिनसाईबाशीचा बाजार बघायला छान, पण घ्यायला मला तेनजिनबाशीसुजी आवडतं, अडीच किलोमीटरच्या वर छप्पर असलेला बाजार, पावसातही चालतो आणि गिऱ्हाईक बरंचसं स्थानिक. सुरी हवी असेल तर नांबाजवळ दोगुयासुजीची गल्ली, शेजारच्या साकाई शहरातल्या प्रसिद्ध सुऱ्या तिथे मिळतात, चेक-इन बॅगेतच घाला. नातेवाईकांनी राइस कुकर मागितला तर नाही म्हणा, तिकडे 100 व्होल्ट, इथे लावला की धूर. टॅक्स-फ्रीसाठी मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही, एका दुकानात 5000 येनची खरेदी हवी, आणि 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्स भरून मग निघताना विमानतळावर परतावा. तुम्ही त्या तारखेच्या अलीकडे जाताय की पलीकडे ते बघा.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. एक रात्र कोयासानला, डोंगरावरच्या मठांच्या गावी, काढा. नांबाहून नानकाईनेच जातात, शेवटी केबल कार, दोनेक तास. 816 सालापासूनचं कूकाई या बौद्ध भिक्षूंचं स्थान, तिथल्या विद्यापीठात 2015 पासून बाबासाहेबांचा पुतळाही आहे. मठांत राहायची सोय असते, जेवण शोजिन म्हणजे पूर्ण शाकाहारी, दाशीसुद्धा कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (मशरूम) यांची, आमच्या आईने तिथे पहिल्यांदा न विचारता ताट संपवलं. आणि मजा म्हणजे तिथे तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, खरंच गाद्या टाकतात, एका खोलीत चौघं आरामात, फक्त दर माणशी असतो आणि नावं चारही द्यावी लागतात. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच, उशिरा पोचलात तर मिळणार नाही. आईंचे गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच खुर्ची मागून ठेवा.

व्हाउचर हातात आलं की नाव-नंबर झाकून इथे टाका, बघून सांगते.